मेणाच्या नळीवरची बायको

त्या उन्हाळ्यात अँटवर्पच्या जागतिक प्रदर्शनात सेराफिनने आपल्या चिकोरी-कॉफीच्या टपरीवर बोलतं यंत्र आणून ठेवलं होतं. मेणाची नळी गरगर फिरायची आणि कर्ण्यातून पॅरिसचा एक नट झोकदार फ्रेंचमध्ये चिकोरीचे गोडवे गायचा. फ्रेंच बोललं की माल भारी वाटतो, अशी सेराफिनची समजूत. गोदीतले हमाल आणि त्यांच्या बायका क्षणभर कान द्यायच्या, "पेटीला पडसं झालंय वाटतं," म्हणायच्या आणि पुढे सटकायच्या.

प्रदर्शनाच्या व्यवस्थापकांनी सकाळीच बजावलं होतं, "आज संध्याकाळपर्यंत गर्दी दिसली नाही, तर उद्यापासून तुमची टपरी इंजिनघराच्या मागे."

तिकडे मांजरसुद्धा फिरकत नव्हतं.

सेराफिनने मनाचा हिय्या केला. नळीवरचा नटाचा आवाज पात्याने तासून काढला, कोरायची सुई टेकवली आणि कर्ण्यात तोंड घालून चक्क आपल्या गावच्या फ्लेमिश बोलीत सुरुवात केली, "सुज्ञ ग्राहकहो..." आवाज फुटेना. तेवढ्यात मागून त्याची बायको कोलेता कडाडली.

"अरे सेराफिन! कॉफी उतू चाललीय आणि तू भोंग्याशी काय गप्पा मारतोयस? गरम आहे तोवर पी, मेल्या!"

सुईने तेही इमानाने कोरलं. कितपत बिघडलंय ते पाहावं म्हणून त्याने नळी वाजवली. 'सुज्ञ' जेमतेम ऐकू आलं आणि मग कोलेता गरजली. वाटेवरचे चार पुरुष दचकून मागे वळले. एकाने तर हातातला बिअरचा पेला पाठीमागे लपवला. हशा पिकला.

"पुन्हा लावा की, राव!"

मग काय, रांगच लागली! कोलेता कप भरून भरून घामाघूम झाली. "हा माझा आवाज नाहीच मुळी!" ती ओरडून सांगत होती. "मी कधी अशी ओरडते का?"

रांग आणखीच खूश.

पण मेण ते किती सोसणार? दिवस कलायला लागला तशी गर्जनेची खरखर झाली, खरखरीची कुजबुज. रांग विरली. आणि व्यवस्थापक तर तिकडे तंबाखूच्या टपरीपाशी पोचलेले! सेराफिनने घाईघाईने नळी पुन्हा तासली. आता मेणाचा थर इतका पातळ झाला होता, की यापुढे तासायची सोय नव्हती.

"कोलेता, ओरड. मघासारखं."

तिने जाळीची टोपी सारखी केली, हात जोडून कर्ण्यापाशी आली आणि पाद्रीबाबांसमोर बोलावं तशी म्हणाली, "सभ्य स्त्रीपुरुषहो, आपण कृपया..."

सेराफिनने झटकन सुई उचलली. "अगं, शिव्या दे मला!"

"चारचौघांत? मी काय कोळीण आहे?"

तिने अंगावर प्रदर्शनासाठी शिवलेला, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र एप्रन घातला होता. सेराफिनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या हातातल्या कोमट कपाकडे. सुई टेकवली, डोळे गच्च मिटले आणि कप तिच्या एप्रनवर उपडा केला.

व्यवस्थापक आले तेव्हा टपरीपर्यंत पोचायला वाट उरली नव्हती. कर्ण्यातली कोलेता आता दुपटीने कडाडत होती. डागाळलेल्या एप्रनमधल्या कोलेताने त्यांच्या हातात कप दिला.

"प्या साहेब, गरम आहे तोवर."

त्यांनी कर्ण्याकडे बघत निमूटपणे कप संपवला. "राहू दे तुमची टपरी इथंच," ते म्हणाले.

"ऐकलंस?" सेराफिन उडीच मारायच्या बेतात होता.

"ऐकलं," कोलेता म्हणाली. "एप्रन तू धुणार आहेस."