जित्या माणसाच्या तसबिरीला हार

खराडीच्या सोजरबाईंनी विद्यापीठातल्या देवस्थळी सरांचं तैलचित्र करून द्यायचं ठरवलं, तेव्हा जो तो म्हणाला, बाईचं मन मोठं. मोठं होतंच. त्यात राग पुष्कळ मावत होता.

सरांचं गणितातलं नाव साता समुद्रापार. त्यांच्याच हाताखाली सोजरबाईंची नीरजा पीएच.डी. करत होती. एकदा फळ्यापुढं अडखळली, तर भर वर्गात सर म्हणाले, "जमिनी विकून गाड्या येतात, बुद्धी येत नाही." सगळे हसले. पोरीनं गणित सोडलं ते सोडलंच. आता ती आपल्याच शेतावर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरपुढं बसते, अन् घरी आली की कुणाशी धड बोलत नाही.

सोजरबाईंना एवढंच हवं होतं, की ज्यांच्यापुढं लेकीचं हसं झालं, त्यांच्यापुढंच सरांचंही व्हावं.

चित्राच्या अनावरणाच्या समारंभाला नीरजाला ओढूनच नेलं. सर भाषणात म्हणाले, "शकुन-अपशकुन ही अडाण्यांची आकडेमोड. मी ती कधी केली नाही." टाळ्या पडल्या.

पडदा सरला. भिंतीवरचे सर अन् खुर्चीतले सर, दोघेही सारखेच ताठ. चित्र दिलं म्हणून सोजरबाईंना पुढं बोलावलं. त्या स्टुलावर चढल्या, पिशवीतून चंदनाचा हार काढला, चित्राला घातला, उतरून हात जोडले अन् डोळ्याला पदर लावला.



"अहो बाई! मी जिवंत आहे!" सर ओरडले.

"असं व्हय? आमच्यात भितीवर टांगलं की हार घालत्यात. अडाणी बाई मी, सर."

"आधी काढा तो!"

"तुम्ही शकुन मानत न्हाई ना? मग ऱ्हाऊ द्या की. शोभून दिसतोय."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. शिपाई पुढं झाला, तर सोजरबाईंनी त्याच्याकडं असं काही पाहिलं की तो तिथंच थबकला. शेवटी सर स्वतःच स्टुलावर चढले. हार चौकटीच्या कोपऱ्यात अडकला, ओढला तशी तसबीर तिरपी झाली. आता पहिल्या रांगेतले प्राध्यापकसुद्धा रुमालात तोंड लपवू लागले.

नीरजानं आईचा दंड धरला. "आई, पुरे. चल आता."

"थांब गं," सोजरबाई खुर्चीत ऐसपैस टेकल्या. "त्यांना खाली तर उतरू दे."