कासऱ्यासगट गेलेली वानेरी

मित्रांनो, मी एक जुना कासरा आहे, अंबाडीच्या वाखाचा. सगळं आयुष्य मी भीत भीत काढलं, हे आधीच सांगून टाकतो. दोराला कसली आली भीती, म्हणून हसू नका. तुम्ही कधी गाईच्या गळ्यात राहिला नाहीत.

जळकोटजवळच्या एका खेड्यात सिद्धम्माने मला वळलं. तिचे मालक गुरुबसप्पा. आमच्या भागात देवणी जनावरं पाळायची ती बैलांसाठी. हे मात्र आईचं दूध बघून कालवडी राखायचे आणि दोन सड वासराला सोडायचे. पारावर टिंगल व्हायची, "बैल सोडून गाईचं कवतिक करून राहिलेत आप्पा!" पुढे त्याच लोकांनी गोऱ्ह्यांसाठी त्यांचे उंबरे झिजवले.

मी वानेरी नावाच्या गाईच्या गळ्यात होतो. अंग पांढरं, तोंड काळं. तिच्याआधी तिच्या आईच्या गळ्यात. दर पोळ्याला सिद्धम्मा माझा झिजलेला पेड काढून नवी अंबाडी घालायची.

आता भीतीचं सांगतो. आमच्याकडे जनावर विकलं की कासरा घरीच ठेवतात. गाठ सुटली की गाय गेली. वानेरीच्या विकलेल्या बहिणींचे कासरे भिंतीला लोंबत होते.

लातूर नवा जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा दुष्काळ पडला. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगल्या, पण आमच्या आडातून पोहरा चिखल घेऊन वर येई. अंबाडी उगवलीच नाही, पोळ्याला मला नवा पेड मिळाला नाही. गाभण वानेरीच्या गळ्याची हाडं मला टोचू लागली.

"आप्पा, इकून टाकू," मुलगा सिद्धलिंग म्हणाला. "डोळ्यादेखत मरंल ती."

बाजाराच्या दिवशी गुरुबसप्पा मला हातात धरून चालू लागले.

बाजारात बिलोलीकडचे पाशामियाँ भेटले. मांजरेकाठी शेत, विहिरीला पाणी. त्यांनी वानेरीच्या पाठीवरून हात फिरवला. "सोडा कासरा, आप्पा."

गुरुबसप्पांची बोटं गाठीवर आली. वानेरीची नस माझ्यावर धाडधाड उडत होती. गाठ सैल झाली, अर्धी सुटली. मी मेलोच होतो. मग बोटं थांबली आणि त्यांनी गाठ पुन्हा आवळली.

"कासऱ्यासगट न्या. दूध तुमचं. पानी पडलं की गाय अन् वासरू आमचं."

पाशामियाँ गाठीकडे बघत राहिले. "म्हंजी अमानत? जिम्मेदारी लई हाय, आप्पा."

"हाय. म्हनून तर तुमाला देऊन राहिलो."

तिथे चारापाणी मिळालं, पण माझी भीती वाढली. माझे पेड एकेक तुटत होते. मी तुटलो तर ही गाय कुणाची, हे कोण सांगणार? व्याल्यावर वानेरीने वासराकडे झेप घेतली आणि मी एका पेडावर आलो. पाशामियाँ साखळी घेऊन आले.

"साखळी नको," त्यांची बायको आबेदा म्हणाली. "अमानत हाय. जशी आली तशी जाऊ द्या."

तिने आपली जुनी हिरवी ओढणी फाडली आणि माझ्यात वळून घातली.

पाणी पडल्यावर पाशामियाँ आमच्या दारात उभे राहिले. मागे वानेरी, तिच्याआड काळ्या तोंडाची कालवड. सिद्धम्माने भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. आनंदाने मला रडू येत होतं, पण दोर रडणार कसा!

पोळ्याला तिने माझे जुने पेड काढायला घेतले. सिद्धलिंग म्हणाला, "ती चिंधीबी काढ की, आई."

"ती न्हाई काढायची."

त्या कालवडीच्या नातीच्या गळ्यात मी आज आहे. हिरवा रंग विटला, चिंधी अजून धरून आहे. गाठीवर कुणाचा हात आला की मी आजही दचकतो. म्हणून एवढंच मागतो, मित्रांनो. जुना दोर झिजला तर फेकण्याआधी त्यात एक पेड घालून बघा. आणि कुणाच्या गळ्यातली गाठ सोडायची वेळ आलीच, तर घडीभर बोटं थांबवा.