खोली देणे आहे, असं मी सांगत राहिले

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. नंदुरबारच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत शांतीलाल शेठचं दुमजली घर आहे, त्याच्या फाटकाला मी तारेने बांधलेली आहे. 'खोली भाड्याने देणे आहे' एवढे चारच शब्द माझ्या अंगावर आहेत. मी आयुष्यभर तेवढंच बोलत आले.

मित्रांनो, माझा जन्म तेलाच्या रिकाम्या डब्यातून झाला. खात्या नावाच्या पेंटरने मला ठोकून सरळ केलं, कुणाचा हात कापू नये म्हणून कडा दुमडल्या, पिवळा रंग दिला आणि लाल अक्षरं काढली. अक्षरं इतकी ठसठशीत आली की शेठ कुणाचं सहसा कौतुक करत नाहीत, पण माझं केलं. तेव्हा मला थोडी घमेंड चढली होती, खोटं कशाला बोलू?

बदली होऊन गावात नवा माणूस आला की तो माझ्यासमोर थांबायचा. बँकेतले साहेब आले, शाळेतले मास्तर आले. नळ किती वाजता येतो, स्टेशन किती लांब, शेजारी कोण राहतं, असं सगळं विचारून घ्यायचे. जुळलं की धनकंवर शेठाणी मला फाटकावरून उतरवून माळ्यावर ठेवायच्या. तिथे धूळ होती, अंधार होता, पण माझा शब्द खरा झाल्याचं समाधान होतं. पाटीचं सुख माळ्यावरच असतं.

दोन वर्षांपूर्वी मागची वरची खोली रिकामी झाली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर रिना आली. धडगावकडच्या एका पाड्यावरची मुलगी, नर्सिंग शिकून आलेली. तिच्या आईबापांनी, दिवलीबाई आणि जालमसिंग यांनी, दर हिवाळ्यात गुजरातेत ऊस तोडून तिला शिकवलं होतं. गावातल्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती. सकाळी सातला हजर राहायचं होतं आणि आमची गल्ली तिथून दहा मिनिटांवर. रुळांपलीकडची वस्ती ती बघून आली होती, गावाबाहेरचे नवे प्लॉटही बघून आली होती. तिथून सकाळी आठच्या आधी रिक्षा मिळत नाही, असं ती शेठची सून किंजल हिला सांगत होती. किंजलला ती फार आवडली. सासूबाईंपाशी तिनेच शब्द टाकला.

धनकंवर शेठाणी वाईट बाई नाहीत. जैन घर, सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पाणी गाळून पितात. त्यांनी रिनाला फाटकाशीच उभं करून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तू गुणी पोर दिसस. पन आमना घरमा अंडं बी चालस नही."

रिनाने मान डोलावली. खोलीत कधी आणणार नाही, बाहेरही खाणार नाही, असं ती स्वतःहून बोलली. सोमवारी सामान घेऊन यायचं ठरलं. मी माळ्याची वाट पाहू लागले.

सोमवारी रिना दवाखान्यात कागदांवर सह्या करायला गेली. वडिलांना तिने स्टँडवरच थांबायला सांगितलं होतं. पण जालमसिंगला थांबवेना. ज्याच्या दारी लेक ठेवायची, त्याच्या दारी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्याच्याकडची रीत. पत्ता विचारत विचारत तो एकटाच आला, फाटकापाशी वाकून रामराम केला आणि पिशवीतून आपला सगळ्यात देखणा लाल कोंबडा काढून शेठाणींपुढे धरला.

शेठाणी दोन पावलं मागे सरल्या. आत गेल्या आणि दार लावून घेतलं. जालमसिंगला वाटलं, आत ठेवायला जागा करत असतील. तो बराच वेळ उन्हात उभा राहिला. मग रिना धावत आली, तिने सगळं ओळखलं आणि वडिलांचा दंड धरून त्यांना घेऊन गेली. दिलेली भेट परत न्यायची नसते म्हणून जालमसिंगने कोंबडा फाटकालाच, माझ्या खाली, बांधून ठेवला. जीव उपाशी मरू नये म्हणून शेठाणींनी संध्याकाळच्या आत त्याला पांजरपोळात पाठवलं, सोबत आठवड्याचं धान्यही दिलं.

रिनाने गावाबाहेरच्या प्लॉटवर खोली घेतली. रोज पहाटे निघून ती चालत यायची आणि माझ्यासमोरून जायची. मान वर करायची नाही. कधी पोहोचायची, कधी उशीर व्हायचा. महिन्याभराने दवाखान्यातल्या बाईंनी तिला सांगितलं की एक तारखेपर्यंत जवळ राहायला ये, नाहीतर दुसरी बघू. हे मला किंजलच्या तोंडून कळलं. ती पुन्हा सासूबाईंकडे रदबदली करून पाहत होती. मला तर त्या दिवशी माझ्या चार शब्दांची लाज वाटली.

तीस तारखेला जालमसिंग पुन्हा आला. खोली का मिळाली नाही, हे रिनाने बापाला सांगितलंच नव्हतं. त्याचं मन दुखेल म्हणून. किंजल बाहेर आली तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "बाई, कोंबडा न्हाना पडना का? पुढला बाजारले मी बोकड लई येसू. मन्ही पोरले खोली द्या."

किंजलच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली. आतून शेठाणींचा आवाज आला, खोली गेली म्हणून सांग. किंजल परत येऊन माझ्या अगदी शेजारी उभी राहिली, तिचा पदर माझ्या कडेला अडकला होता, आणि खाली बघत म्हणाली, "काका, खोली दिली आम्ही."

जालमसिंगने माझ्याकडे पाहिलं. चारही शब्दांवरून त्याची नजर फिरली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने तिच्यावर विश्वास ठेवला.

"बरं व्हयनं, बाई," तो म्हणाला. "रिकामं घर चांगलं नही."

दुसऱ्या दिवशी रिना तिची पेटी घेऊन बापाबरोबर धडगावच्या जीपमध्ये बसली. खोली अजून रिकामीच आहे. माझा रंग उडाला, कडांना गंज चढला, पण अक्षरं अजून लांबून वाचता येतात.

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. तुमच्या घरात कोणाला घ्यायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त दारातल्या माणसाला खोली गेली म्हणून सांगायचं असेल, तर आधी मला फाटकावरून उतरवा.