सात गुंठे आणि तीन झेरॉक्स

पौडच्या बाजारपेठेत, कचेरीच्या वाटेवर, नसीरभाईंचं झेरॉक्सचं दुकान होतं. गेल्या अठरा वर्षांत मुळशी तालुक्यातली बहुतेक जमीन त्यांच्या यंत्रावरून गेली होती. कुणाचाही सातबारा असो, काचेवर पालथा पडायचा, उजेडाची पट्टी सरकायची आणि दोन रुपयांत जमिनीची दुसरी प्रत तयार. विकणारे यायचे, घेणारे यायचे, दोघांना फसवणारेही यायचे. नसीरभाई सगळ्यांना एकाच भावात प्रती द्यायचे. ज्यांना त्यांनी सायकलवरून येताना पाहिलं होतं ते आता पांढऱ्या मोठ्या गाड्यांतून येत होते आणि सुट्टे नाहीत म्हणून दोन रुपये बुडवत होते.

नसीरभाईंच्या स्वतःच्या नावावर मात्र कुंडीभर माती नव्हती. दारात कोरफडीची एक कुंडी होती, पण ती घरमालकाची होती.

पन्नाशी उलटली आणि ही गोष्ट त्यांना टोचायला लागली. त्यातच मोबाइलवर त्यांना एक गुरू भेटला. भर एप्रिलात जाकीट घालून बोलणारा हा तरुण म्हणायचा, "पैसा नाही म्हणून थांबू नका! थोडक्यापासून सुरुवात करा! तुमच्या घरातच एक लपलेली मालमत्ता आहे. शोधा तिला!"

नसीरभाईंनी रविवारी घर शोधलं. माळ्यावर बंद पडलेला कूलर निघाला, कॉटखाली पाहुण्यांच्या गाद्या निघाल्या. स्वयंपाकघरात बायको शमशाद भाकरी थापत होती. तिच्याकडे त्यांनी एक नजर टाकली आणि पुढे शोधायला गेले.

शेवटी उरली ती बँकेतली पुंजी. दुकानातलं यंत्र म्हातारं झालं होतं, दहाव्या प्रतीला धापा टाकायचं. नव्यासाठी म्हणून पै-पै करून अडीच लाख जमवले होते. त्याखेरीज नसीरभाईंकडे काही नव्हतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात शंभू दुकानात आला. शंभू शेजारच्या रिहे गावचा. त्याच्या कार्डावर 'प्लॉट, जेसीबी, वाढदिवसाचे फ्लेक्स व सल्ला' असं छापलेलं होतं. त्याने काउंटरवर एक रंगीत नकाशा पसरला.

"नसीरभाई, रिह्याच्या खोऱ्यात फेज टू. गुंठा अडीच लाख. एकेक गुंठ्याचं खरेदीखत व्हत न्हाई, म्हणून वीस जणांनी मिळून वीस गुंठं घ्यायचं. त्यातला एक तुमचा."

"कुठला एक?"

"विसातला."

"ते कळलं. पण विसातला कुठला?"

"त्ये नंतर आपसात बघायचं. माणसं चांगली हायेत. दोघंतिघं तर हिंजवडीत आयटीत हायेत."

आयटीतले लोक पैसे घालतायत म्हटल्यावर शंकेला जागा कुठे राहिली? नसीरभाईंनी तिथल्या तिथे एकवीस हजार टोकन पाठवलं. नकाशाची झेरॉक्सही फुकट काढून दिली. चार दिवसांनी शंभू परत आला.

"बाकी समदं सोपं हाय. तुमचा शेतकरी असल्याचा पुरावा तेवढा द्या."

"पुरावा? माझ्या दुकानातून लाखभर सातबारे गेलेत!"

"ते लोकांचे. तुमच्या नावाचा पायजे. शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येती."

"मग टोकन घ्यायच्या आधी का नाही बोललास?"

"तवा तुमी गिऱ्हाईक व्हता. आता घरचे झालात." शंभूने प्रेमाने हात हातात घेतला. "पंधरा दिवसांत पुरावा आणा. न्हाई तर टोकन गेलं समजा. माझ्या हातात काय न्हाई." टोकन त्याच्याच हातात होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती. "आन एवढं तोंड कशापायी पाडताय? शमशादआत्या आमच्या गावची लेक. बापाच्या जमिनीवर तिचं नाव लागलं असंलच की. घ्या तिच्या नावावर!"

नसीरभाईंना एक जुना कागद आठवला.

नाव लागलं होतं. पण अकरा वर्षांपूर्वी मेहुणा, जुनैद, हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन घरी आला होता. बहिणीने आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा आणि माहेरची वाट मोकळी ठेवायची, ही गावोगावची रीत. तेव्हा नसीरभाईंनीच बैठकीत बसून छोटंसं भाषण केलं होतं. "देऊन टाक, शमशाद. आपल्याला माती काय करायचीय? नातं टिकलं म्हणजे सगळं मिळालं." जुनैदच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या कागदाच्या तीन झेरॉक्स नसीरभाईंनी स्वतः काढून दिल्या होत्या, एक पैसाही न घेता. आयुष्यातला आपला सर्वांत उदार क्षण म्हणून ते तो अजून पाहुण्यांना सांगत.

रात्री ते जेवायला बसले. मग भाताकडे बघत म्हणाले, "शमशाद, तो जुनैदचा कागद. तू सही करून दिलेलास, नाही का?"

"कुटला कागद?"

"हक्कसोडीचा. अकरा वर्षं झाली."

"त्यो व्हय! त्यो तांदळाच्या डब्याखाली हाय."

नसीरभाईंनी वळून डब्याकडे पाहिलं.

"कागद चांगला जाड व्हता," शमशाद म्हणाली. "मुंग्या येत न्हाईत. तुमी काढलेल्या तीन झेरॉक्स पातळ निघाल्या. त्या डाळीच्या, साखरेच्या आन चहाच्या डब्याखाली घातल्या."

"म्हणजे सही?"

"न्हाई केली. तुमी बाहेर भाषण करत व्हता तवाच मी जुनैदला आत बोलवून सांगितलं, सात गुंठं माझं, कसायचं तू, वर्साला तांदळाचं एक पोतं मला. त्यो व्हय म्हणाला."

"ते पोतं? अगं, मी दरवर्षी त्याला फोन करून आभार मानतो! भाऊ असावा तर असा म्हणून सगळ्या पेठेत सांगतो!"

"सांगत जावा की. त्याला बरं वाटतं."

अकरा वर्षं आपण मेहुण्याचा नाही, बायकोचा भात खात होतो, हे पचवायला नसीरभाईंना एक वाटी ताक जास्त लागलं. मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. शमशादने शांतपणे ऐकून घेतली आणि एवढंच म्हणाली, "सही माझी लागणार ना? मग जमीन मी बघणार."

रविवारी दोघं स्कूटरवरून रिह्याला गेली. शंभू छत्री घेऊन उभाच होता. सपाट जागा, चुन्याच्या रेघा, कडेला करंज आणि जांभळाची दाट रांग, मधे सगळीकडे पांढरे गोल गोटे. नसीरभाई हरखले. वीसपैकी कुठलाही गुंठा मिळाला तरी त्यांना चालणार होता.

शमशादने वाकून एक गोटा उचलला.

"शंभू, गोटं कुटनं आलं?"

"शोभेला टाकल्यात, आत्या. पुण्याच्या लोकांना लई आवडत्यात."

"मी आठवीत असताना हितं माझी चप्पल वाहून गेली."

शंभूने नसीरभाईंकडे पाहिलं. नसीरभाईंनी चुन्याच्या रेघांकडे पाहिलं.

"ह्यो ओढा हाय," शमशाद म्हणाली. "वरनं बांध घालून पाणी तोडलंयस जरासं. आषाढात बांध राहतोय व्हय?"

शेजारच्या बांधावर गवत कापणारी एक बाई आवाज ओळखून उभी राहिली. ती रत्नाबाई, शंभूची आई आणि शमशादची शाळेतली मैत्रीण.

"शमे! तू कवा आलीस गं? आन उन्हात हितं काय करती?"

"तुझा ल्योक ओढा इकतोय मला."

रत्नाबाई विळा घेऊनच खाली उतरली. शंभू कचेरीला भ्यायचा नाही, वकिलाला भ्यायचा नाही, विसाच्या वीस गिऱ्हाइकांना एकत्र भ्यायचा नाही. पण त्याने छत्री मिटली.

"शंभ्या, माझी भुरी म्हैस हितंच वाहून गेली व्हती न्हवं? तू रडला व्हतास!"

"आई, ते लई जुनं..."

"टोकन घेतलंस?"

"टोकन माघारी मिळत न्हाई, आई, तसा नियम हाय..."

"कुणाचा?"

शंभूला नियम कुणाचा ते आठवेना. नसीरभाईंच्या मोबाइलवर टिंग वाजलं. एकवीस हजार परत.

अडीच लाख वाचले, पण परतीच्या वाटेवर नसीरभाई मयतीहून आल्यासारखे स्कूटर चालवत होते. आणखी एक जमीन झेरॉक्स होऊन हातची गेली, असं त्यांना वाटत होतं. शमशादने मागून खांद्यावर टिचकी मारली.

"जमीन पायजे ना तुमाला? थोडक्यापासून सुरुवात करायचीय ना? औंदा माझं सात गुंठं मीच लावणार हाय. बियाणं जुनैद देतोय. मजूर तेवढा पायजे."

जुलैत दुकानाला चार दिवस कुलूप लागलं. नसीरभाई पँट गुडघ्यांवर दुमडून रिह्यात, शमशादच्या सात गुंठ्यांच्या चिखलात उभे होते, हातात भाताची रोपं. पाठ मोडली होती. तेवढ्यात रस्त्यावर एक बस थांबली आणि रंगीत रेनकोट घातलेली दहा-बारा माणसं उतरली. पुढे शंभू.

शेजारी, चुन्याच्या रेघांच्या जागी, ओढा गर्जत वाहत होता. बांधाचं नावही उरलं नव्हतं. शंभूने त्याच्याकडे हात केला.

"फेज टू! रिव्हर टच! गुंठा साडेतीन लाख. आन हे नसीरभाई, पौडचे बिजनेसमन. हितं पैसा घातला, आता बघा, शेतीत रमल्यात."

काळा चष्मा लावलेली एक बाई बांधाशी आली. "काका, तुमची जमीन? पाणी बारा महिने असतं का इथे?"

"जमीन हिची," नसीरभाईंनी शमशादकडे बोट केलं. "आणि ताई, तिकडचं म्हणाल तर उन्हाळ्यात तिथे पाणी नसतं आणि पावसाळ्यात जमीन नसते."

"किती सुंदर बोलतात ना हे लोक!" बाई म्हणाली. "परत एकदा म्हणा ना, मी व्हिडिओ करते."

नसीरभाईंनी परत म्हटलं, या वेळी जरा सावकाश, प्रत स्वच्छ निघावी म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिघांनी बसमध्ये बसायच्या आधीच टोकन पाठवलं.

बस निघून गेली तरी नसीरभाई रोपं हातात धरून ओढ्याकडे बघत उभे होते. तीन महिन्यांत गुंठ्यामागे एक लाख! आपण जरा घाईच केली की काय, असा विचार त्यांच्या मनात येतच होता, तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो, रांग वाकडी जातीय. वाका खाली!"

नसीरभाई वाकले.