न मिटणारी झडप

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून सानगडीच्या परसरामने घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. वीज मंडळात लाईनमन म्हणून उभं आयुष्य खांबांवर चढण्यात गेलेला माणूस, आता लोकांनी आपल्याला उचलून न्यावं हे त्याला सहन होत नसे. व्यायाम शिकवायला आलेल्या माणसालाही त्याने परतवून लावलं. बायको धुरपताशी तो जेमतेम बोलायचा. बोलायचा तो गबरूशी, त्यांच्या पांढऱ्या, झुबकेदार, म्हाताऱ्या कुत्र्याशी.

हिवाळ्यात गबरू खोकायला लागला. घशात हाडूक अडकलं असेल, असं शेजारी म्हणाले. धुरपताने हळद-गूळ चाटवून पाहिला. मग एका सकाळी तो आडवाच होईना. पुढचे पाय फाकवून, मान ताणून नुसता उभा. पोट भात्यासारखं हलत होतं आणि जीभ निळी पडत चालली होती. धुरपताने पुतणी तृप्तीला नवऱ्यापाशी बसवलं, गबरूला चादरीत गुंडाळलं आणि भाड्याची व्हॅन करून भंडारा गाठलं. नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं, की सुई टोचून आणते. वाटभर तिचा तळहात गबरूच्या नाकापुढे होता.

दवाखान्यातली डॉक्टर रक्षा तरुण होती. तिने आधी ऑक्सिजनची नळी लावली, फुप्फुसातलं पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं, मग सोनोग्राफीचं यंत्र जवळ ओढलं. कुशीवर झोपवलं तर तो टेबलावरच जाईल, उभ्यानेच धरा, असं तिने बजावलं. धुरपताने दोन्ही हातांनी त्याचं अंग पेललं. छातीवरचे केस भादरून डॉक्टरने जेल लावलं आणि पडद्यावर करडं, धडधडणारं हृदय दिसलं.

"काकू, ही डावीकडची झडप," डॉक्टर म्हणाली. "जाड झाली आहे. तिला ताणून धरणारा एक दोरा तुटलाय, त्यामुळे ती मिटतच नाही. रक्त पुढे जायचं सोडून मागे येतं."

"शिवता नाई येत का मॅडम?"

आपल्याकडे ती सोय नाही, असं डॉक्टरने सांगितलं. औषधं लागू पडली तर काही महिने मिळतील. पण आज ऑक्सिजनवरून काढलं तर तो घरापर्यंत पोचणार नाही.

धुरपता बाहेर बाकावर येऊन बसली. गबरू इथे गेला तर घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं, हे तिला सुचेना. शेवटी तिने तृप्तीला फोन लावला आणि फोन परसरामच्या कानाशी धरायला सांगून सारं खरं सांगून टाकलं. पलीकडून तृप्तीचा घाबरा आवाज आला, "मोठीआई, मोठेबाबा खाटेवरून उतरून राहिले. गाडी बोलाव म्हणतेत."

धुरपताने तीच व्हॅन त्याला आणायला धाडली आणि दुपार कलताना परसराम आला. व्हॅनवाल्याने आणि तृप्तीने त्याला खुर्चीसकट आत आणलं, आणि त्याने आणू दिलं. गबरूने शेपूट हलवायचा प्रयत्न केला, पण श्वासच पुरेना. डॉक्टरने पुन्हा यंत्र लावलं. हृदयाचा डावा कप्पा आणखी फुगला होता. परसराम पडद्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिला.

"बंद काहून नाई होत ते?" त्याने जड जिभेने विचारलं.

डॉक्टरने त्यालाही तुटलेला दोरा दाखवला.

"म्हणजे हा निस्ता दम लावूनच जगून राहिला?"

"हो, काका."

इंजेक्शनांचा गुण येत नव्हता. संध्याकाळपर्यंत गबरूच्या तोंडाला गुलाबी फेस आला. तेव्हा डॉक्टर खाली वाकून दोघांशी हळू आवाजात बोलली. असाच ठेवला तर तो गुदमरून जाईल. तुम्ही म्हणाल तर शांत झोपवता येईल. धुरपता मान हलवत राहिली. नाही, आणखी एक सुई देऊन पाहा, ती म्हणाली. डॉक्टरने दिली. काही फरक पडला नाही.

"धुरपता," परसराम म्हणाला, "मले माहीत आहे खाटेवर पडून दम कसा कोंडते. त्याले नको तसा कोंडू देऊ."

धुरपतानेच गबरूला उचलून परसरामच्या मांडीवर ठेवलं. इंजेक्शन संपायच्या आधीच पोटाची ती धडपड थांबली.

अंधार पडायला लागला तसा व्हॅनवाला निघायचं का म्हणून विचारायला आला. चादरीतलं गाठोडं मांडीवर घेऊन परसराम खुर्चीतच बसला होता. धुरपताने त्याच्या गुडघ्याला डोकं टेकलं होतं आणि ती हुंदके देत होती.

"थांब जरासा," परसराम व्हॅनवाल्याला म्हणाला, आणि मग त्यालाही रडू आवरलं नाही.