नुमाडोनच्या पाठीवरची शिवण

मित्रांनो, मी एक जुना राक्षस आहे. दचकू नका. माझ्या पोटात गादीचा स्पंज आहे, कातडी रबराची आहे आणि डोळे म्हणजे सायकलचे दोन दिवे. टोकियोच्या पश्चिमेला, तामा नदीच्या काठी एक छोटा स्टुडिओ होता. सदुसष्ट साली तिथे माझा जन्म झाला. नाव ठेवलं नुमाडोन. त्या काळी जपानात ज्याला त्याला राक्षसाचा सिनेमा काढायचा होता. आमच्या कंपनीचं मात्र अंथरूण लहान आणि पाय राक्षसाचे!

मला ओकिनो मावशींनी घडवलं. पूर्वी त्या किमोनो शिवत. माझा एकेक खवला त्यांनी हाताने चिकटवला. रबराच्या वासाने त्यांचं डोकं उठे, तरी "पोरांना शेपूट खरं वाटलं पाहिजे," म्हणत त्या पुन्हा कामाला लागत. दुसरा पोशाख करायची कंपनीची ऐपत नव्हती, म्हणून त्या मला तळहातावरच्या फोडासारखं जपत. माझ्यावर कोणी चहाचा कप टेकवला तर त्याची धडगत नसे.

माझ्या आत शिरून चालायचे ते हिरामात्सू. शिरण्याआधी ते मला वाकून नमस्कार करत आणि म्हणत, "आज सांभाळून घ्या हं." मग मावशी माझ्या पाठीची चेन लावत. ती आतून उघडता येत नसे. दिवसभर दिव्यांच्या उष्णतेत ते घामाने निथळत, आणि काम संपलं की तो घाम माझ्या पायांतून बादलीत ओतावा लागे. मला त्याचा अभिमान वाटायचा.

सिनेमा अर्ध्यावर असतानाच मी तुडवायची ती पुठ्ठ्याची शहरं परवडेनाशी झाली. दिग्दर्शक कागेयामासाहेब म्हणाले, "राक्षस समुद्रातून वर येऊ दे. पाणी फुकट आहे."

"अहो, पण हा गादीचा स्पंज आहे. पाणी पितो हा," मावशी म्हणाल्या.

"पिऊन पिऊन किती पिणार? हत्ती थोडाच आहे!"

सगळे हसले. मावशीही हसल्या.

समुद्र म्हणून स्टुडिओतला हौद भरला. तो कमरेइतकाच खोल होता. हिरामात्सूंनी पाण्याखाली बसायचं आणि गर्जत उठायचं, असं ठरलं होतं. ते बसले, आणि उठलेच नाहीत. मी पाणी पीतच राहिलो आणि माझ्या वजनाने त्यांना तळाशी दाबत राहिलो. ते आतून माझ्या छातीवर मुठी मारत होते. ज्यांना सांभाळायचं त्यांनाच मी बुडवत होतो. मित्रांनो, त्या क्षणी मी खरोखरचा राक्षस झालो होतो.

"वा, काय तडफडतोय! चालू ठेवा!" कागेयामासाहेब म्हणाले.

"अहो, माणूस बुडतोय!" मावशी किंचाळल्या आणि कपड्यांसकट हौदात उतरल्या. फुगलेल्या स्पंजाने चेन गच्च धरून ठेवली होती. त्यांनी कमरेची कात्री काढली.

"मावशी, पोशाख एकच आहे!" काठावरून कोणीतरी ओरडलं.

"मग हिरामात्सू काय दोन आहेत?"

आणि त्यांनी मला मानेपासून शेपटापर्यंत फाडलं.

हिरामात्सू बाहेर आले, खोकले, ओकले. श्वास येताच पहिलं काय म्हणाले असतील? "मावशी, माफ करा. तुमचं काम फुकट गेलं."

"गप्प बसा हो!" म्हणत मावशी भर पाण्यात रडायला लागल्या.

पुढे त्यांनी मला वाळवून जाड दोऱ्याने शिवलं. शिवण काही लपेना, तेव्हा साहेबांनी गोष्टीतच राक्षसाला तोफेची जखम दिली. सिनेमा बेताचाच चालला. नंतर मी मोठमोठ्या दुकानांच्या गच्चीवर भरणाऱ्या जत्रांत मुलांशी हात मिळवले, आणि मग वखारीत लटकलो. रबराला तडे गेले, उंदरांनी शेपूट कुरतडलं. तरीही माझी तक्रार नाही. परवा हिरामात्सू आजोबा नातीला घेऊन आले होते. ती माझ्या पोटात शिरून खिदळत होती, आणि मला धन्य वाटत होतं.

मित्रांनो, वस्तू जपा, जिवापाड जपा. पण तुमची लाडकी वस्तू कधी कोणाच्या श्वासाच्या आड आली, तर कात्री घ्यायला कचरू नका. वस्तूला त्याचा राग येत नाही. मी फाटलेला आहे, मला ठाऊक आहे.