रांगेचं शेपूट

चौघांनी उचलून न्यायची वेळ माणसावर एकदाच येते, आणि तेव्हा ते बघायला तो स्वतः नसतो. मी मात्र चष्मा पुसून, डोळे उघडे ठेवून सगळं नीट बघितलं. वर सूचनाही दिल्या.

मी बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी अख्खी इमारत मला कंडक्टर मावशीच म्हणते. आयुष्यभर लोकांना चढवलं, उतरवलं, आणि म्हातारपणी स्वतः चौथ्या मजल्यावर अडकून बसले. खुब्याचं हाड मोडलं आणि जुळलं ते वाकडं. घरात वॉकर धरून फिरते, पण जिना दिसला की पाय म्हणतो, तू हो पुढे. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत सगळ्यांच्या सायकली असतात.

नगरपालिकेची मागची निवडणूक मी खिडकीतून पाहिली. लोक येताना-जाताना दिसत होते आणि मी कांदा चिरत होते, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याला कारण असावं म्हणून. या वेळी मात्र मला मत द्यायचंच होतं. माझ्या खिडकीखाली बसचा स्टॉप आहे. परवडत नाही म्हणून पालिकेनं आमच्या रस्त्यावरची बस बंद केली, तेव्हापासून तो रिकामा. एक निवृत्त नर्स निवडणुकीला उभी होती, ती म्हणत होती, निवडून आले तर बस सुरू करीन. आता बस सुरू झाली तरी मी काही तिच्यात चढणार नव्हते. पण स्टॉपवर माणसं उभी असलेली दिसली असती. खिडकीत बसणाऱ्या बाईला तेवढंही पुष्कळ असतं.

आमच्या तळमजल्यावर लायब्ररीवाल्या बाई राहतात. कोपऱ्यावरचं वाचनालय त्या चालवतात. निवडणूक आली की चार शेजारी गोळा करून त्या घरोघर फिरतात. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींना वाचनालयात बसवून त्यांची नावं नोंदवून घेतात. एक गोष्ट मला त्यांची फार आवडते. मत कुणाला देणार हे त्या चुकूनही विचारत नाहीत. "कसे जाणार? कधी जाणार? बरोबर कोण आहे?" एवढंच विचारतात.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, "जाणार कशी? उडून?"

"घरी येऊन मत घेऊन जायची सोय आहे, पण तिच्या वयाच्या अटीत तुम्ही अजून बसत नाही, मावशी."

बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मला तरुण ठरवलं, तेही नको तेव्हा.

"मग आम्ही उचलून नेतो," बाई म्हणाल्या. मला वाटलं, बोलाचीच कढी. पण मतदानाच्या दिवशी दुपार कलल्यावर दारात चौघं हजर. तिसऱ्या मजल्यावरचा नळवाला, त्याच्या हाताखाली काम करणारा त्याचा मेहुणा, बाईंचे यजमान कमरेला पट्टा बांधून, आणि नळवाल्याची भाची. ही मुलगी कॉलेजसाठी मामाकडे राहते आणि वजन उचलण्याच्या स्पर्धांत उतरते, म्हणून तिला सगळे पैलवान म्हणतात. चौघांत खरा जोर तिच्याच दंडांत होता.

नळवाल्यानं माझ्याच लाकडी खुर्चीखाली दोन लांब पाइप क्लॅम्प मारून पक्के बसवले होते. "गळणार नाही ना रे?" मी विचारलं. "मावशी, माझं काम आहे," तो म्हणाला. त्याच्या कामाबद्दल मला माहिती होती, म्हणूनच विचारलं होतं.

निघायला आधीच उशीर झाला होता, कारण कुणाची तरी पाण्याची लाइन फुटली होती आणि नळवाला तिकडे अडकला होता. तरी बरोबर आलेल्या बाई म्हणाल्या, वेळ आहे. खुर्ची उचलली गेली. चेहरा मी तिकीट तपासणाऱ्यासारखा ठेवला. "डावीकडे घ्या. भिंत आहे. यजमान, तुम्ही श्वास घ्या, विसरलात." असं करत करत दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो.

"काय गं पैलवान," मी सहज म्हटलं, "तुझं पहिलंच मत ना हे? सकाळी देऊन आलीस की आता माझ्याबरोबर?"

"मी नाही देणार, मावशी. तुम्हाला पोचवते आणि प्रॅक्टिसला जाते."

"का गं?"

"असंच. एका मतानं काय होतंय?"

"मग मला कशाला उचलतेस? माझंही एकच आहे."

तिचा मामा घाम पुसत म्हणाला, "देईल हो ती. कुणाला द्यायचं ते सांगितलंय मी. आमच्या घरातली मतं कधी फुटत नाहीत." पोरगी भिंतीकडे बघायला लागली. बसमध्ये जन्म काढलेल्या बाईला कोण खिडकीबाहेर बघतंय आणि कोण बघितल्यासारखं करतंय, हे कळतं. मी बाकीच्यांना चार पायऱ्या खाली पाठवलं. बायकांचं बोलणं आहे म्हटल्यावर पुरुष तत्परतेनं गेले.

"बोल."

"मामा रात्री जेवताना विचारणार, कुणाला दिलंस," ती हळू आवाजात म्हणाली. "तो म्हणतो त्याला मला द्यायचं नाहीये. आणि मला खोटं बोलता येत नाही. त्याच्या घरात राहते, मावशी, भांडू कशी? गेलेच नाही म्हटलं की विषय संपला."

मला माझ्या मताची घाई होती. बाहेर उन्हं उतरत होती, ते जिन्याच्या खिडकीतून दिसत होतं. पण हिच्या दंडांच्या जोरावर मी मत देऊन यायचं आणि हिनं नाही, हे काही माझ्या घशाखाली उतरेना.

"नळवाल्या, वर ये!"

तो आला. मागोमाग सगळेच आले, चार पायऱ्यांवरून सगळं ऐकू येतच होतं.

"हिला आज विचारायचं नाही कुणाला दिलं ते. उद्याही नाही, कधीच नाही. कबूल कर."

"अहो, घरातल्या माणसानं नाही विचारायचं तर कुणी विचारायचं?"

"कुणीच नाही."

"मी तिच्या भल्यासाठीच सांगतो, मावशी. तिला काय कळतंय राजकारणातलं?"

"तुला कळतं, म्हणून तर तू निवडून दिलेल्या माणसाकडून आपल्या नाल्याचं काम अजून व्हायचंय. कबूल कर, नाहीतर मी इथून हलत नाही."

बाईंनी घड्याळ पाहिलं. "मावशी, सहाला बंद होतं."

"होऊ दे."

म्हटलं खरं, पण मनात येतच होतं. एवढं खाली येऊन, दोन मजले उतरून, परत वर जायचं? नळवालाही इरेला पेटलेला. बाईंच्या यजमानांनी कमरेचा पट्टा सोडून पुन्हा बांधला. तेवढ्यात मेहुण्यानं घसा साफ केला.

"भाऊजी, मागच्या वेळी तुम्ही सांगितलंत त्याला मी मत दिलं नव्हतं. त्याच्या मागच्या वेळीही नाही."

"तू?" नळवाला ओरडलाच. "माझ्या घरात जेवून?"

"जेवणाबद्दल माझी तक्रारच नाही, भाऊजी."

बाई आधी हसल्या, मग मी, मग पैलवान. नळवाला पायरीवर बसला. रोज ज्याच्याबरोबर पाइप कापतो, तो माणूस आपल्याला पुरता माहीत नाही, हे त्याला पचत नव्हतं. मग भाचीकडे बघून म्हणाला, "नाही विचारणार."

"जेवतानाही?" मी म्हटलं.

"जेवतानाही."

"आडून आडून?"

"नाही हो, मावशी! बसा आता."

मी बसलेलीच होते. त्यांनी उचलली आणि पुढचे दोन मजले कसे उतरलो ते कळलं नाही. खाली आल्यावर मात्र बाईंचा चेहरा उतरला. शाळा, जिथे मतदान होतं, ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. खुर्ची घेऊन तिथे पोचेपर्यंत सहा वाजून जाणार होते.

"सहाच्या ठोक्याला जे रांगेत उभे असतील, त्या सगळ्यांना मत देता येतं," बाई म्हणाल्या. "रांग कितीही मोठी असो. पण सहानंतर आलेल्याला नाही, मग तो कुणी का असेना."

"पैलवान, तू पळ," मी म्हटलं. "तुझी जागा धर. माझी काळजी करू नकोस."

"पण मावशी, माझ्यामुळे..."

"पळ म्हणते ना!"

ती पळाली. तिची बाजू बाईंनी धरली, पर्स गळ्यात अडकवून. आमची खुर्ची रस्त्यावरून निघाली, एका बाजूला कलत, कारण चौघांची उंची चार तऱ्हांची. इतक्या वर्षांनी मी रस्त्यावर आले होते. चांभाराच्या दुकानाचा रंग बदलला होता, एक झाड गेलं होतं, आणि मला थांबून सगळं बघायचं होतं. पण थांबायला फुरसत कुठली?

शाळेचं फाटक दिसलं तेव्हा कळलं, जमत नाही. पैलवानचा पिवळा टीशर्ट फाटकाच्या आत, रांगेच्या अगदी टोकाला. फाटकावरचा पोलीस हातातल्या घड्याळाकडे बघत एक दार ओढतोय. आणि आम्ही अजून औषधांच्या दुकानापाशी. यजमान म्हणाले, "मला एक मिनिट टेकवू द्या." मी म्हटलं, "टेकवा." हट्ट माझा होता, तेव्हा दोष कुणाला देणार? निदान पोरीला तरी मिळालं, असं मनाशी म्हटलं. ते खरंही होतं, पण रडू काही थांबत नव्हतं, आणि या वेळी कांदाही नव्हता.

तेवढ्यात पैलवान ओरडली. मैदानावर वजन उचलताना ओरडतात तसा आवाज. "अहो, जरा मागे सरका! सगळ्यांनी! आमच्या मावशी येतायत!"

पुढचा माणूस वळला. त्यानं रस्त्याकडे पाहिलं. त्याला खुर्ची दिसली, खुर्चीवरची मी दिसले. त्यानं त्याच्या पुढच्या बाईच्या खांद्याला हात लावून काहीतरी सांगितलं, तिनं पुढे सांगितलं. आणि शाळेच्या दारापासूनची ती सबंध रांग मागे यायला लागली. आधी मला वाटलं, लोकांना हाकलून देतायत. पण रांग मोडत नव्हती, लांबत होती. प्रत्येक जण पुढच्यापासून दोन-तीन पावलं सोडून मागे सरकत होता. पैलवान फाटकात आली, मग फाटकाबाहेर, मग रस्त्यावर. तिच्या मागोमाग पाठमोरी माणसं एक एक करत बाहेर आली. पोलिसाच्या हातात ओढलेलं दार तसंच राहिलं, कारण फाटकात आता एक म्हातारे गृहस्थ उभे होते आणि ते म्हणत होते, "मी रांगेत आहे साहेब, कुठे जाऊ?"

"उचला!" बाई ओरडल्या. वाचनालयात जी बाई कुजबुजीलाही रागावते, ती!

आम्ही अर्ध्या वाटेवर होतो, आणि उरलेली अर्धी वाट रांगेनं चालून संपवली. माझी खुर्ची पैलवानच्या मागे टेकली, तेव्हा आतून एक अधिकारी चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर येत होता. सहाला रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटतात आणि सुरुवात शेवटच्या माणसापासून करतात, म्हणजे मागाहून कुणी घुसू नये. तो रांगेच्या शेपटाकडे चालत आला. माझ्यापुढे थांबला. रांगेकडे पाहिलं, माणसांमधल्या अंतराकडे पाहिलं.

"रांग फारच ऐसपैस आहे," तो म्हणाला.

"उकडतंय," पैलवान म्हणाली.

त्यानं घड्याळ पाहिलं आणि पहिली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली.

आत गेले, मत दिलं. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, ते काम एका क्षणाचं असतं. माझ्या आधी पैलवान आडोशामागे गेली आणि बराच वेळ तिथे राहिली. कुणी तिला घाई केली नाही. ती बाहेर आली तेव्हा मामानं तोंड उघडलं. आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो.

"भूक लागलीय का गं?" त्यानं विचारलं.

निकाल लागला. माझी नर्सबाई पडली, साधीसुधी नाही, आपटली. आमच्या शाळेच्या केंद्रावर तर तिला मतं मिळाली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. म्हणजे बस येणार नाही, स्टॉप रिकामाच राहणार. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. केंद्र तेच, रांगही तीच. त्या संध्याकाळी माझ्यासाठी जी माणसं मागे सरकली, त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी माझ्या विरुद्ध मत दिलं होतं.

त्यांचे उपकार मी कसे फेडू? मला त्यांची नावं माहीत नाहीत, चेहरेही मी पाहिले नाहीत. पाहिल्या त्या फक्त पाठी, एकामागून एक माझ्याकडे येणाऱ्या.